नवरा फिल्डला, मन थाऱ्यावर नाही: ऑनलाइन स्वमदत कोणत्या क्रमाने करायची

घोरपडी, वानवडी, खडकी, दिघी, लोहगाव, देहू रोड. पुण्यात फौजी कुटुंबं अशी विखुरलेली आहेत. काही एसएफ क्वार्टरमध्ये (नवरा फिल्डला असताना कुटुंबाला मिळणारी सरकारी घरं), बरीचशी धानोरी-विश्रांतवाडीकडे भाड्याच्या घरात. नवरा फिल्ड पोस्टिंगवर, मुलं इथल्या शाळेत. अशा घरातली बाई मनातून खचायला लागली की फोनमध्येच उपाय शोधते, आणि त्यात चुकीचं काही नाही. सौम्य ते मध्यम नैराश्यात नीट आखलेली ऑनलाइन स्वमदत उपयोगी पडते. पण बहुतेक जणी ती उलट्या क्रमाने करतात. आधी एक ॲप, आठवड्याने दुसरं, मग रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ, आणि शेवटी "माझ्यावर काहीच चालत नाही" हा निष्कर्ष. मोजमाप केलेलं नसतं, कुणाला सांगितलेलं नसतं, आणि हे सुट्टीवर आले की सगळं बंद पडतं. मी स्वतः फौजीची बायको आहे आणि मैत्रिणींच्या बाबतीत हेच पुन्हा पुन्हा बघते. म्हणून पायऱ्या सलग लिहिते. घाईत असाल तर बाकीचं नंतर वाचा, पण पहिले तीन टप्पे सोडू नका.

टप्पा १: आधी मोजा

'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली डॉक्टरही वापरतात आणि ती मराठीत मिळते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढंच ती विचारते: कशातच रस न वाटणं, उदासी, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा उलट अस्वस्थ होणं, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज ५ ते ९ आली तर सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ बऱ्यापैकी तीव्र आणि २० किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र.

एक साधी वही घ्या. तारीख, एकूण गुण आणि नवव्या प्रश्नाचे गुण वेगळे लिहून ठेवा. पुढचं सगळं या वहीवर चालणार आहे.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे "मला नैराश्य-बिराश्य नाही, फक्त यांची काळजी वाटते" असं म्हणून प्रश्नावली न भरणं. काळजी आणि नैराश्य एकत्रही असू शकतात. स्वतःला एक विचारून बघा: यांचा फोन आला की जीव भांड्यात पडतो का, आणि त्यानंतर तासभर तरी बरं वाटतं का? फोन येऊन गेला तरी आत सगळं तसंच बधीर राहत असेल, तर ते नुसत्या काळजीच्या पलीकडे गेलेलं असू शकतं. यावरून निदान करायचं नाही, पण प्रश्नावली मनापासून भरायला हे कारण पुरेसं आहे.

थांबा. खालीलपैकी एक जरी गोष्ट लागू असेल, तर स्वमदतीपासून सुरुवात करू नका, आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला (नंबर टप्पा ३ मध्ये आहेत):

- नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्याहून जास्त आहे
- बेरीज १५ किंवा जास्त आहे
- बाळंतपणाला वर्ष झालेलं नाही आणि मन सतत खाली आहे
- पूर्वी कधी कमी झोपेतही अतिउत्साह, भरमसाट खर्च, न थांबणारं बोलणं असे दिवस येऊन गेलेत
- कानात आवाज येतात, किंवा सगळे आपल्यावर पाळत ठेवून आहेत असं वाटतं
- घरात मारहाण होते

यातल्या शेवटच्या मुद्द्यावर बायका सर्वांत जास्त गप्प बसतात. मारहाण होत असताना 'विचार बदला' सांगणारं ॲप उघडून बसू नका. तिथे आधी तुमची सुरक्षितता.

टप्पा २: रक्त तपासून घ्या

थायरॉइड कमी असेल, हिमोग्लोबिन घसरलेलं असेल किंवा बी-१२ कमी असेल, तरी थकवा, झोप आणि चिडचिड तशीच दिसते. एमआय रूममध्ये (युनिटच्या किंवा स्टेशनच्या दवाखान्यात) डिपेंडंट कार्ड घेऊन जा आणि "दोन-तीन आठवडे थकवा आहे, झोप नाही, मनही लागत नाही" असं तिन्ही एका दमात सांगा. नुसता थकवा सांगितला तर टॉनिक घेऊन परत याल.

टप्पा ३: अडचणीच्या रात्रीचा कागद

हा बरं असताना लिहायचा असतो. रात्री दोन वाजता नंबर शोधणं कुणालाच जमत नाही. कागदावर पाच ओळी पुरतात:

१. माझं मन फार घसरतंय हे मला कशावरून कळतं (अंघोळ टाळणं, मुलांवर ओरडून मग तासभर रडणं, जे असेल ते).
२. अशा वेळी पंधरा मिनिटं जाऊ शकतात अशा दोन गोष्टी.
३. रात्री-अपरात्री उठून दार उघडेल असा जवळचा माणूस, नंबरासह.
४. टेली मानस: १४४१६, किंवा १८००-८९१-४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.
५. जीवाला धोका असेल तर ११२, किंवा थेट जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग.

टेली मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज असेल तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. सैन्यदलातले लोक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी तिचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी आपल्या वानवडीच्या एएफएमसीतच (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात) प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. फोन लागल्यावर फौजी कुटुंबातली आहे हे सांगा. बदल्या, फिल्ड, सुट्टी हे सगळं पहिल्यापासून समजावत बसण्याचा त्रास वाचू शकतो.

तपासा: कागद फोनमध्ये नाही, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे ना? घरातल्या ज्या वस्तूंनी आपण स्वतःला इजा करू अशी भीती वाटते, त्या आजच दुसऱ्याच्या ताब्यात दिल्यात ना?

टप्पा ४: एक माणूस ठरवा

एकटीने केलेली ऑनलाइन स्वमदत अर्ध्यावर सुटते. आठवड्याला कुणी नुसतं "या आठवड्यात काय केलंस?" एवढं विचारणारं असलं, की कार्यक्रम पूर्ण होण्याची शक्यता आणि फायदा दोन्ही वाढतात. हा माणूस म्हणजे बहीण असेल, जुनी मैत्रीण असेल, शेजारच्या काकू असतील.

युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र हे लिहू नका. ग्रुपमधल्या बायका वाईट असतात असं अजिबात नाही. वेल्फेअर मीटला (युनिटमधल्या बायकांच्या बैठकीला) भेटणाऱ्या कित्येक जणींनी एकमेकींना सावरलेलं मी बघितलंय. पण त्या ग्रुपमध्ये नवऱ्यांच्या हुद्द्याची उतरंडही असते आणि तिथे मोकळं बोलता येत नाही. त्यातली एखादी विश्वासाची असेल तर तिला घरी बोलवा, चहाला.

आणि नवऱ्याला? "मी रडले तर यांचं ड्युटीवर लक्ष राहणार नाही" म्हणून महिनोन् महिने लपवलं जातं. पण आवाजावरून त्यांना कळतंच, फक्त काय झालंय ते कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीचा घोर जास्त लागतो. फोन छोटा असतो, रेंज जाते, मागे दुसरे जवान उभे असतात. म्हणून वाक्यं आधी लिहून ठेवा आणि फोनच्या सुरुवातीला बोला, शेवटी नको:

"माझं मन गेला महिनाभर बरं नाही. मी त्यासाठी तपासणी केली आहे आणि एक कार्यक्रम सुरू करते आहे. ताईला सांगितलंय. तुम्ही तिकडून काही करायला नको, फक्त रविवारी मला विचारा की या आठवड्यात कसं गेलं."

यात समस्या आहे, उपाय चालू आहे आणि त्यांच्यासाठी एक छोटं कामही आहे. तिकडे बसलेल्या माणसाला करण्यासारखं काहीतरी दिलं की त्याचाही जीव थोडा शांत होतो.

"यांच्या रेकॉर्डवर येईल" ही भीती तर घरोघरी आहे. जवानाची मेडिकल कॅटेगरी, म्हणजे 'शेप', त्याच्या स्वतःच्या तब्येतीवरून ठरते, बायकोच्या नाही. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क तुम्हाला आहे. भीतीपोटी उपचार सहा महिने लांबवू नका.

टप्पा ५: फोन सुरक्षित करा

हा टप्पा आपल्यालाच लागू आहे, इतर बायकांसाठीच्या लेखांत तो सापडणार नाही. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुकसह ८९ ॲप्स फोनमधून काढायला सांगितली होती. आपल्याला तो आदेश नव्हता, पण त्यामागचं कारण आपल्याही घराला लागू आहे. मन मोकळं करताना माणूस नकळत तपशील सांगून जातो.

- नोंदणीसाठी वेगळा ईमेल. त्यात नवऱ्याचं नाव, रेजिमेंट, हुद्दा काही नको.
- कुठल्याही चॅटमध्ये, डायरीत, ग्रुपमध्ये युनिट, ठिकाण, निघण्याच्या-येण्याच्या तारखा लिहायच्या नाहीत. "नवरा नोकरीनिमित्त लांब आहे" एवढं पुरतं.
- ॲपला लोकेशन, कॉन्टॅक्ट, गॅलरीची परवानगी नाकारा.
- फोन मुलांच्या हातात जात असेल तर ॲपला लॉक लावा आणि सूचना स्क्रीनवर दिसणार नाहीत असं करा.
- स्वतःहून मेसेज करून "मी पण फौजी परिवारातली" म्हणत यांच्या पोस्टिंगची चौकशी करणाऱ्या व्यक्तीला लगेच ब्लॉक करा. आपण एकट्या आहोत हे अशा लोकांना बरोबर हेरता येतं.

डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलतानाही ठिकाणाचं नाव लागत नाही. "उंचावर आहेत, फोन आठवड्यातून एकदा येतो" यावर त्यांचं काम भागतं.

टप्पा ६: एकच कार्यक्रम निवडा

नावांची यादी मी मुद्दाम देत नाही, ॲप्स येतात-जातात. निवडताना चार गोष्टी बघा. कार्यक्रम वर्तन आणि विचार यांच्यावर काम करणाऱ्या उपचारपद्धतीवर आधारलेला आहे का (सीबीटी हे नाव दिसेल)? कुणी बनवला, विद्यापीठाने, रुग्णालयाने, की कुणीच नाव दिलेलं नाही? त्याचे सहा-आठ क्रमवार धडे आहेत, की नुसती सुविचारांची रांग? आणि आत्महत्येचा विचार आल्यास काय करायचं हे पहिल्याच पानावर लिहिलंय का? चौथ्याचं उत्तर नाही असेल तर पुढे जाऊ नका.

बोलणाऱ्या चॅटबॉटचा आधार वाटतो हे खरं आहे, रात्री तोच जागा असतो. पण तो धडे पूर्ण करून घेत नाही आणि संकटात दार उघडायला येत नाही. ऑनलाइन वाचून मैत्रिणीच्या गोळ्या सुरू करणं किंवा स्वतःच्या अचानक बंद करणं, हे दोन्ही धोक्याचं आहे.

टप्पा ७: पहिले दोन आठवडे फक्त कृती

मन बरं झालं की बाहेर पडेन, असं आपण म्हणतो. नैराश्यात हा क्रम उलटा चालवावा लागतो: आधी पाय उचलायचे, मन मागून येतं. म्हणून विचारांचे धडे नंतर, आधी दिवसाची नोंद.

आधी वेळ ठरवा. बहुतेक जणी रात्रीची वेळ घेतात आणि तिथेच फसतात, कारण रात्र यांच्या फोनची वाट बघण्यात जाते. हातात ॲप, कान रिंगकडे. मुलं शाळेत गेल्यावरची वीस-पंचवीस मिनिटं घ्या, आठवड्यातून तीन दिवस, फोन फ्लाइट मोडवर टाकता येईल अशी.

मग तीन दिवस काहीही न बदलता नुसती नोंद करा. एका मैत्रिणीच्या परवानगीने तिच्या वहीतला एक तुकडा देते. मूडला तिने ० ते १० गुण दिलेत:

"८ ते ९: डबा, शाळा बस. मूड ४. ९ ते ११:३०: पलंगावर मोबाइल. मूड २. १२: कॅन्टीनला जायचं होतं, गेले नाही. २. ४: मुलीला घेऊन खाली गेले, समोरच्या वहिनी भेटल्या. ५. ९ ते ११: फोनची वाट. ३. आला नाही. १."

बघा, तिला वाटत होतं दिवस सपाट वाईट जातो. तो सपाट नाही. खाली उतरल्यावर पाच आहे आणि पलंगावरच्या अडीच तासांत दोन. तिने काय बदललं? मुलीला बसमध्ये बसवल्यावर घरी न येता तसंच वीस मिनिटं चालायचं, एवढंच. पलंग दिसायच्या आत. दुसऱ्या आठवड्यात फोनच्या वेळेला हात गुंतवणारं काम घेतलं, लसूण सोलणं, गणवेशाला इस्त्री.

तुमच्या नोंदीतून अशाच दोन जागा शोधा आणि तिथे एकेक छोटी कृती ठेवा. एक करावी लागणारी, एक आवडीची. "रोज तासभर योगा" असं लिहू नका, तिसऱ्या दिवशी सुटेल आणि स्वतःला बोल लावायला आणखी एक कारण मिळेल.

तपासा: कृती एवढी लहान आहे का, की मूड दोन असतानाही जमेल?

टप्पा ८: विचारांचे धडे, पण आपल्या परिस्थितीला धरून

इथे तयार कार्यक्रम आपल्या बाबतीत अपुरे पडतात. रात्रीचे साडेदहा, फोन नाही. मनात येतं, "काहीतरी झालंय." ॲप विचारतं, याला पुरावा काय? फौजीच्या बायकोने हा विचार खोटा ठरवायचा प्रयत्न केला तर ती हरते, कारण धोका कल्पनेतला नाही. म्हणून विचारांचे दोन ढीग करा.

पहिला ढीग खऱ्या धोक्याच्या काळजीचा. इथे पुरावा मागायचा नाही. एकच प्रश्न: आत्ता या क्षणी माझ्या हातात काही आहे का? असेल तर करा. नसेल तर वहीत एक ओळ लिहा आणि उद्या संध्याकाळी सहाच्या 'काळजीच्या वेळे'वर ढकला. त्या वेळी वीस मिनिटं मनसोक्त काळजी करा, मग उठा. झोपण्याआधी न्यूज चॅनल लावायचं नाही, दिवसातून ठरलेल्या एका वेळी बातम्या. सीमेवर काही घडलं की फॉरवर्ड मेसेजचा पूर येतो. त्यातला एकही पुढे पाठवू नका.

दुसरा ढीग स्वतःबद्दलच्या निकालांचा. "बाकीच्या बायका निभावतात, मीच कमकुवत." "माझ्यामुळे मुलांचं वाटोळं होतंय." पुरावा मागायचा तो इथे. असं लिहा:

प्रसंग: पालकसभेत बाई म्हणाल्या, गृहपाठ अपूर्ण असतो.
विचार: आई म्हणून मी नापास. विश्वास ८५ टक्के.
बाजूने: या आठवड्यात तीनदा गृहपाठ राहिला.
विरुद्ध: रोज डबा गेला, एकही दिवस शाळा बुडली नाही, तापात रात्रभर मी जागले, सगळं एकटीने.
नवं वाक्य: या महिन्यात गृहपाठाकडे लक्ष देता आलं नाही, आठवड्यातून दोनदा शेजारच्या ताईंकडे बसवता येईल.
आता विश्वास: ५५ टक्के.

८५ चे ५५ झाले, शून्य नाही, आणि ते पुरेसं आहे. शून्य व्हायची वाट बघत बसलात तर पद्धतच फसवी वाटायला लागेल.

टप्पा ९: सुट्टीचं कॅलेंडर

मला सर्वांत जास्त तळमळ याच टप्प्याची आहे, कारण झालेली प्रगती इथेच वाहून जाते. हे सुट्टीवर येतात, घर भरतं, मन वर येतं, वही कपाटात जाते. किंवा उलट होतं. इतके दिवस घर एकटीने चालवल्यावर अचानक दोघांचे निर्णय सुरू होतात आणि खटके उडतात, मग "सुट्टीतही मला आनंद होत नाही" हा अपराधी भाव वाढतो. दोन्ही नेहमीचं आहे.

सुट्टीत कार्यक्रम बंद करू नका, कमी करा. आठवड्याला एक धडा आणि सकाळचं चालणं. जमलं तर त्यांना एकदा वही दाखवा.

ते परत जाण्याच्या आधीच पुढच्या आठवड्याच्या तीन गोष्टी ठरवा: गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घराबाहेर काढणारं एक काम, तिसऱ्या दिवशी ठरलेल्या माणसाशी भेट, आणि आठवड्याच्या आत एक धडा. गाडी सुटली त्या दिवशी पीएचक्यू-९ भरू नका, तो आकडा काही शिकवत नाही. पण जीव नकोसा झाल्याचा विचार आला, तर कुठलाही दिवस असो, कपाटातला कागद काढा.

टप्पा १०: दर दोन आठवड्यांनी आकडा, आणि कधी वर सरकायचं

त्याच प्रश्नावलीने, ठरलेल्या वारी मोजा. बेरीज ५ किंवा जास्त गुणांनी खाली आली तर फरक खरा आहे, चालू ठेवा. चार ते सहा आठवडे मनापासून करूनही आकडा हलला नाही, किंवा मध्येच १५ वर गेला, तर डॉक्टर गाठा. स्वमदत पुरली नाही म्हणजे तुम्ही कमी पडलात असं नाही, त्रासाला आणखी उपचार लागतात एवढंच.

रस्ता सहसा एमआय रूममधून जातो. तिथल्या डॉक्टरांकडून मानसोपचार विभागासाठी रेफरल घ्या, वानवडीच्या कमांड हॉस्पिटलसाठी किंवा तुम्हाला जवळ असेल तिथलं. लष्करी रुग्णालयात ओळखीचे चेहरे भेटतील म्हणून संकोच वाटत असेल तर ससूनचा मानसोपचार विभागही आहे. जाताना वही न्या. "बरं वाटत नाही" यापेक्षा "१२ होता, सहा आठवड्यांनी १४, झोप तीन तास" हे डॉक्टरांना फार लवकर कळतं. गोळ्या दिल्या तर परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात. मधल्या काळात कृतीची नोंद चालूच ठेवा आणि बंद करायच्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

बदलीची ऑर्डर आली आणि पुणं सोडायचं ठरलं, तर सामानाच्या पेट्यांत ही फाइल टाकू नका. प्रिस्क्रिप्शन, रेफरलची प्रत, तपासणीचे रिपोर्ट आणि वही हँडबॅगेत ठेवा. निघण्याआधी डॉक्टरांकडून महिन्याभराच्या गोळ्या आणि पुढच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मागून घ्या. नव्या स्टेशनला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एमआय रूममध्ये नाव नोंदवा. १४४१६ देशभर तोच आहे, फक्त कागदावरचं तिसऱ्या ओळीतलं नाव बदला.